गाली, गाळी आणि शिवीगाळ

मराठीत आपण पंक्चर काढतो. हिंदीत तेच पंक्चर लावतात किंवा बनवतात. येलहंकात राहायला आल्यावर कळलं की कन्नडमध्ये पंक्चर घालतात. 'पंचर हाकोदु' म्हणजे शब्दशः पंक्चर घालणं आणि अर्थानं ते दुरुस्त करणं. काम तिन्हीकडे एकच: भोक शोधायचं, रबराचं ठिगळ चिकटवायचं, हवा भरायची. मराठीचं लक्ष भोक नाहीसं होण्याकडे आहे, बाकीच्या दोघींचं ठिगळाकडे. ट्यूबलेस टायरनं मात्र तिघींच्याही क्रियापदांची पंचाईत केली. त्यात ट्यूबच नसते. टायरच्या पोटात दुधासारखं एक द्रव फिरत असतं. काटा घुसला की हवेच्या दाबानं ते भोकाकडे धावतं आणि तिथेच थिजून भोक बुजवतं. कोणी काही काढलेलं नसतं, लावलेलं नसतं, घातलेलं नसतं. सायकलस्वाराला अनेकदा पत्ताही नसतो.

आमच्या भागात या सोयीची किंमत लगेच कळते. येलहंकाहून राजानुकुंटेकडे किंवा हेसरघट्टाच्या माळाकडे निघालं की रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ सुरू होते. इथे तिला बळ्ळारी जाली म्हणतात. कोणीतरी कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या वाटेवरून ओढत नेतो आणि काटे मागे राहतात. ट्यूबच्या दिवसांत पावसाळ्यानंतर एकही रविवार पंक्चरशिवाय गेल्याचं मला आठवत नाही. टायरमधलं ते द्रव बहुतेक वेळा रबराच्या झाडाचा चीकच असतो, त्यात तंतू आणि बारीक कण मिसळलेले. चीक बाटलीत थिजू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. बाटली उघडली की नाकाला झोंबतो तो हाच वास.

पण या सोयीची दुसरी बाजूही आहे. ट्यूब असली की हवा धरायचं काम ट्यूब करते आणि टायर थोडा सैल असला तरी चालतं. ट्यूबलेसमध्ये टायर आणि रिम यांच्यामधल्या फटीतून हवा जाता कामा नये, म्हणून दोघं एकमेकांना करकचून धरून असतात. नव्या टायरची कड रिमवर चढवताना माणूस रडकुंडीला येतो. जुना टायर काढताना तर त्याहून वाईट, कारण वाळलेल्या चिकानं तो रिमला चिकटलेलाही असतो.

माझ्यासाठी हा निव्वळ कौशल्याचा प्रश्न नाही. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. सांध्याची झीज आहे, असं निदान झालं. चिमटीच्या टोकाशी आपण जेवढा जोर लावतो, त्याच्या अनेक पटींनी भार अंगठ्याच्या मुळावर येतो, म्हणून चिमटीत जोर लावायची कामं टाळा, असा सल्ला मिळाला. माझं पोट कीबोर्डवर चालतं. अनुवादाची मुदत अंगठ्याला विचारून ठरत नाही. आणि हट्टी टायर चढवायची सगळ्यांना माहीत असलेली एकमेव पद्धत म्हणजे दोन अंगठे कडेखाली लावायचे आणि दात-ओठ खात ढकलायचं.

घरात दुसरं कोणी सायकल चालवत नाही. मी पहाटे निघते आणि बहुधा एकटीच. भोक लहान असेल तर द्रव ते बुजवतं. मध्यम असेल तर त्यात रबराची वात खुपसता येते, मोटारसायकलच्या ट्यूबलेसला खुपसतात तशीच. पण काचेनं टायर बोटभर चिरला, तर टायर उघडून आत जवळची सुटी ट्यूब टाकण्यावाचून गत्यंतर नसतं. तेव्हा रस्त्यावर कोणी ना कोणी थांबतं. बहुतेक माणसं चांगली असतात. तरी आपल्या सायकलचा टायर आपल्याला उघडता येत नसेल, तर आपण किती दूर जायचं हे दुसऱ्यांच्या चांगुलपणावर ठरतं. मला ते नको होतं. निवड सरळ होती: टायर अंगठ्याविना काढता आला पाहिजे, नाहीतर एकटीनं लांब जाणं सोडलं पाहिजे.

आधी मी चाक घेऊन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेले. ते दखनी बोलतात. चाक फिरवून, कड दाबून पाहून त्यांनी ते परत दिलं. "नक्को मॅडम, ये अपना काम नै." त्यांच्याकडचे लिव्हर लोखंडी, त्यांनी रिमच्या आतली पट्टी फाटली असती, ते त्यांना माझ्याआधी कळलं. दखनीतला तो 'नक्को' आपल्या 'नको'चाच भाऊ. इतक्या दूर आपला शब्द भेटल्याचा आनंद झाला, टायर मात्र जागचा हलला नाही.

चाकाला कन्नडमध्ये 'गाली' म्हणतात आणि हवेला 'गाळी'. ल आणि ळ यांचा हा फरक मराठी कानाला आयताच ऐकू येतो. गाली आहे पण गाळी नाही, अशा अवस्थेत बाल्कनीत तासभर बसलं की आपल्या भाषेतली शिवीगाळ आपोआप तोंडात येते.

मग मी जे शब्दांच्या बाबतीत करते तेच केलं. भागांना नावं दिली. टायरच्या कडेतून न ताणणारी तार किंवा दोरा गेलेला असतो. दुकानात त्या कडेला बीड म्हणतात. मी तिला काठ म्हणते, साडीचा असतो तसा, कापडाहून जाड आणि ताठ. रिमवर हा काठ जिथे टेकतो ती बैठक. बैठकीच्या आतल्या बाजूला बारीकसा उंचवटा असतो, काठ आत घसरू नये म्हणून, तो उंबरठा. आणि दोन उंबरठ्यांच्या मधे, रिमच्या मध्यभागी, खोलगट भाग असतो, ती पन्हळ. नावं दिल्यावर गणित दिसलं. माझ्या चाकाच्या बैठकीचा व्यास 622 मिलिमीटर. ज्याला सातशे सी म्हणतात ते हेच माप. काठ ताणत नाही, त्यामुळे त्याचा परीघ ठरलेला. पण काठ बैठकीवरून उतरून पन्हळीत गेला की त्याला कमी परिघाची वाट मिळते. पन्हळ बैठकीपेक्षा 4 मिलिमीटर खोल असेल, तर पूर्ण फेऱ्यात सुमारे 25 मिलिमीटरची ढील सुटते. जिथे आपण ढकलतो तिथे टायर घट्ट वाटतो, कारण उरलेल्या फेऱ्यात काठ पन्हळीबाहेर बसलेला असतो. जोर जिथे लावतो तिथे अडचण नसतेच. ती समोरच्या बाजूला असते.

काढताना आधी सगळी हवा सोडायची आणि व्हॉल्व्हचा गाभा फिरवून काढायचा. मग काठ उंबरठ्यावरून आत पाडायचा. इथे अंगठे वापरायचे नाहीत. चाक जुन्या पायपुसण्यावर आडवं ठेवायचं, काठावर कोमट साबणपाणी सोडायचं आणि मऊ चपलेनं टायरच्या बगलेवर, रिमच्या अगदी जवळ, पण रिमवर नाही, हळूहळू वजन टाकायचं. दोनतीन जागा बदलल्यावर एके ठिकाणी 'फट्' असा आवाज येतो आणि काठ सुटतो. एकदा एक वीत सुटली की बाकीचा मागोमाग येतो. दोन्ही बाजू सुटल्या की व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून काठ पन्हळीत दाबत दोन्हीकडून व्हॉल्व्हपर्यंत यायचं. व्हॉल्व्हचं बूड पन्हळीत बसलेलं असतं, तिथे काठ खाली जाऊच शकत नाही. म्हणून ढील तिथे गोळा करायची आणि प्लास्टिकचा लिव्हर तिथेच घालायचा.

चढवतानाही तेच: सुरुवात व्हॉल्व्हच्या समोर, शेवट व्हॉल्व्हपाशी. टायर आधी अर्धा तास उन्हात ठेवला की नरम पडतो. रिमच्या आतली पट्टी बदलली असेल तर तिचे थर मोजायचे. दोन दशांश मिलिमीटर जाडी वाढली तरी परिघात सव्वा मिलिमीटर जातो, आणि शेवटच्या विती एवढ्या जागेत तो जाणवतो. शेवटची वीत चढवताना मागे चढलेला काठ हळूच निसटतो. त्यावर उपाय परकराची नाडी: दोन्ही टोकांना टायर आणि रिम एकत्र बांधून टाकायचे. मग तळहाताच्या टाचेनं काठ पुढे लोटत न्यायचा, पोळीचा उंडा लाटण्याआधी दाबतात तसा. हवा मात्र एकदम भरावी लागते, म्हणून गाभा न घालता पंपाचा जोर द्यायचा. काठ उंबरठा ओलांडून बैठकीवर गेला की 'टण्' वाजतं. टायरवर काठालगत एक बारीक रेघ कोरलेली असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की काठ बसला. टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या दाबाच्या पुढे तरीही जायचं नाही.

हा झगडा टायरइतकाच जुना आहे. 1888 मध्ये डनलपनं हवेचा टायर आणला, तेव्हा तो चाकाला चिकटवलेला असायचा. 1890 मध्ये चार्ल्स वेल्चनं तारेच्या काठाचं पेटंट घेतलं. 1891 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेरों काढता येणारे मिशेलिन टायर वापरून जिंकला. सायकलचे ट्यूबलेस बाजारात रुळायला 1999 नंतरचा काळ उजाडला.

आपल्याकडे त्याहून जुनी एक पद्धत होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावरच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. धाव चाकाहून किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल तापवायची, फुगलेली असतानाच चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं. आकसताना ती लाकडाला आवळून धरते. रेल्वेच्या जुन्या चाकांवरही पोलादी धाव अशीच तापवून चढवत. येलहंकात 1984 पासून चालू असलेल्या रेल्वेच्या चाकांच्या कारखान्यात धावेचा प्रश्नच मिटवलाय: तिथलं चाक एकसंध पोलादाचं, ओतीव. म्हणजे एक धाव घट्ट बसते पण सहज निघत नाही, आणि दुसऱ्या चाकाला काढण्यासारखं काही नाहीच. सायकलच्या टायरकडून दोन्ही हवं असतं: वळणावर सुटता कामा नये आणि हेसरघट्टाच्या वाटेवर, पहाटे, एका बाईच्या हातानं सुटला पाहिजे. अनुवादकाला यात अनुवाद दिसावा अशी अपेक्षा असेल, पण मला अंगठाच दिसतो.

आता माझा एक नियम आहे. जो टायर घरी, बाल्कनीत, दोन प्लास्टिकच्या लिव्हरनी आणि अंगठ्याविना निघत नाही, तो येलहंकाबाहेर न्यायचा नाही. या नियमात एक महागडी जोडी नापास झाली. ती मी एका धडधाकट अंगठ्यांच्या तरुणाला दिली आणि थोडी जड, थोडी रुंद जोडी घेतली. इथल्या हवेत द्रव काही महिन्यांत वाळतं, म्हणून मी दर तीन महिन्यांनी टायर उघडते, सालीसारखा निघणारा चीक सोलून काढते, नवं द्रव भरते. त्यामुळे काठ रिमला फार घट्ट चिकटायलाही वेळ मिळत नाही, आणि दर वेळी हाताची परीक्षा होते. मार्चमध्ये सतरा मिनिटं लागली, जूनमध्ये चौदा. ज्या तिमाहीला हात नाही म्हणेल, त्या तिमाहीला ट्यूब परत येईल, आणि मी मराठीत पंक्चर काढेन.