पुसलेली राणी

फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ड्रॉईंगने माझा जीव नकोसा केला होता. प्लॅन वेगळा, एलेव्हेशन वेगळं. दोन्ही एकात घुसवलं की शीट रिजेक्ट! आणि मग लायब्ररीत दख्खनच्या जुन्या चित्रांचं एक पुस्तक हाती लागलं. बघतो तर काय, बैठक समोरून काढलेली आणि तिच्याखालचा गालिचा चक्क वरून! म्हटलं, हा आपल्यातलाच दिसतो.

पण ती चूक नव्हती मित्रांनो. एका जागी उभं राहून दिसेल तेवढंच काढायचं, हे त्या चित्रकारांना मान्यच नव्हतं. गालिच्याची नक्षी तिरकी पाहिली की दबते, म्हणून वरून. मागचा माणूस लहान होत नाही, फक्त कागदावर वर सरकतो. राजा मोठा नि चवरीवाला लहान, ते अंतरामुळे नाही, मानामुळे.

त्या पुस्तकात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ होती. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या हुसेन निजामशहावर लिहिलेलं हे फारसी काव्य, १५६५ च्या तालिकोट लढाईच्या सुमाराचं. मूळ पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. (आमचा औशाचा किल्लाही त्याच निजामशाहीतला.) तिच्यात राणी खुंजा हुमायून राजाशेजारी बसलेली काढली होती. दरबारी चित्रांत हे क्वचितच दिसतं. राजा वारल्यावर तिने मुलाच्या नावाने कारभार चालवला. पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकलं आणि कुणीतरी पोथीतली तिची आकृती पुसून वर रंग फासला.

एका चित्रात मात्र तरुण स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलतंय. संस्कृतात याला दोहद म्हणतात, आपला ‘डोहाळे’ शब्द त्यातूनच आला. फारसी पोथीत झाडाला डोहाळे! ते चित्र वाचलं.

आमच्या घरी एक ग्रुप फोटो आहे, एका कडेने कात्रीने कापलेला. बाबांच्या खांद्यावर नुसती चार बोटं दिसतात. आत्याची. तिने जातीबाहेर लग्न केलं. लहानपणी मी विचारलं की आजी म्हणायची, "फ्रेममधी बसत नव्हता रे फोटो."

दिवाळीत औशाला गेलो तेव्हा बाबांना राणीची गोष्ट सांगितली. ते काहीच बोलले नाहीत. जेवणं झाली, लाईट गेली, आम्ही ओसरीवर येऊन बसलो. तेव्हा एकदम म्हणाले, "हिरवी साडी होती तिची, त्या फोटोत."

– तृतीय वर्ष, सिव्हिल