आडनावाचं झालं नाव

आमच्या टीमच्या कॉलवर दोन ॲशली असतात. लंडनचा तो आणि डॅलसची ती. बॉस नुसतं 'ॲशली' म्हणाला की दोघंही एकदम 'येस?' म्हणतात आणि इकडे पुण्यात आम्ही म्यूट करून हसतो.

तसा आपल्याला ॲशली माहीत झाला तो क्रिकेटमुळे. २००१च्या बंगळूर कसोटीत लेग स्टंपबाहेर बॉल टाकटाकून सचिनला वैताग आणणारा ॲशली जाइल्स आठवतोय ना? तिकडे अमेरिकेत मात्र १९९१ आणि १९९२ साली मुलींच्या नावांत ॲशली चक्क नंबर वन होतं.

गंमत म्हणजे हे नाव मुळात ना त्याचं, ना तिचं. ते आडनाव. आणि त्याच्याही आधी गावाचं नाव. जुन्या इंग्रजीत ॲश नावाच्या झाडांमधली मोकळी जागा म्हणजे ॲशली. इंग्लंडात या नावाची बरीच गावं आहेत. त्या गावचे लोक ते ॲशली. म्हणजे आपल्यासारखंच, फक्त 'कर' न लावता!

मग आडनावाचं नाव कसं झालं? एक रस्ता आईकडून जातो. १६२१ साली जन्मलेला अँथनी ॲशली कूपर पुढे शाफ्ट्सबरीचा पहिला अर्ल झाला. यातलं कूपर वडिलांचं, ॲशली आईच्या माहेरचं. आईचे वडील सर अँथनी ॲशली. नातवाला त्यांचं नाव-आडनाव दोन्ही मिळालं! अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तर आईचं माहेरचं आडनाव मुलाला पहिलं नाव म्हणून द्यायची पद्धतच पडली.

हे वाचलं आणि मी जरा थांबले. मी पिंपळगावकर. म्हणजे, होते. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. माझ्या लग्नात बाबा हसत हसत म्हणाले होते, "चला, पिंपळगावकर आता माझ्यापाशी संपले." सगळे हसले. आई नाही हसली.

आता मला सातवा महिना आहे. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचंही नाव लावायचं, असा आपल्या राज्याचा नियम आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. छानच की! पण त्यात आई येते, तिचं माहेर नाही येत.

'पिंपळगावकर' अशी हाक मारता येणार नाही, हे मलाही कळतं. शाळेतली पोरं सोडतील का? पण निदान झाड तर सोबत नेता येईल! म्हणून यादीत सगळ्यात वर मी 'अश्वत्थ' लिहिलंय. म्हणजे पिंपळच.

नवऱ्याने यादी वाचली. म्हणाला, "अगं, आणि मुलगी झाली तर?"

म्हटलं, "तरी हेच. ॲशलीचं काही अडलं का?"