हक्क आणि बहुमत

रविवारी विहारात वंदना झाल्यावर एका मुलीने विचारले, "काका, आरक्षण हवे की नको यावर सगळ्यांचेच मत घेतले तर?" आम्ही क्षणभर गप्प झालो. मग तिला कॅलिफोर्नियाची हकिकत सांगितली.

अमेरिकेतील त्या राज्यात उमेदवारांबरोबर कायद्याचे प्रस्तावही मतदानाला येतात. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी प्रस्ताव क्रमांक २०९ आला. सरकारी नोकऱ्या, शिक्षण आणि कंत्राटे यांत वंश किंवा लिंग पाहून कोणालाही प्राधान्य देऊ नये, असे त्यात म्हटले होते. भाषा समतेची होती. घाव मात्र काळ्या आणि लॅटिनो मुलांवर बसला. सुमारे ५५ टक्के मतांनी तो मंजूर झाला. १९९८ साली बर्कले विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या काळ्या विद्यार्थ्यांची संख्या निम्म्याहूनही खाली आली. ही बंदी उठवण्यासाठी २०२० मध्ये प्रस्ताव १६ आला. तोही सुमारे ५७ टक्के विरोधी मतांनी पडला.

आमच्या घरातला पहिला पदवीधर राखीव जागेवर शिकला. ती जागा गावाच्या मतावर ठेवली असती तर मिळाली असती का? गावात आमची घरे किती, हे आम्हाला ठाऊक आहे. १९५१ मध्ये शिक्षणातील राखीव जागा न्यायालयात अडल्या, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले.

ती मुलगी म्हणाली, "म्हणजे संविधान वाचायलाच हवे." पुढच्या रविवारपासून वंदनेनंतर एकेक कलम वाचायचे आम्ही ठरवले आहे. तुमच्या विहारातही सुरू करा. जयभीम!