ट्रॅक्टर किती लांबून कळतो?

औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. याच तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवतो, त्यामुळे मुलांना तिची माहिती सांगणं ओघानं आलंच.

१४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्यातून ती उठली होती. या वेधशाळांच्या काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या भुजांच्या लांबीत तिनं पाडलेला फरक प्रोटॉनच्या शंभराव्या भागाहूनही लहान होता. हे ऐकून सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग बाजूनं आमचं ट्रॅक्टर गेलं तर त्या यंत्राला कळंल की?"

जमीन कमी थरथरते अशीच जागा वेधशाळेसाठी शोधतात आणि आतले आरसे कंपनं पोचू नयेत असे टांगतात, एवढं सांगून विषय संपला असता. पण तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं. मी म्हटलं, "किती लांबून कळतं, ते आपणच मोजू."

मोबाइलमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाच्या 'फायफॉक्स' या मोफत ॲपवर त्याचा आलेख दिसतो. मुलांनी रस्त्यालगत सपाट दगड रोवला, त्यावर मोबाइल ठेवला आणि ट्रॅक्टर जाऊ दिला. मग दगड पावलापावलानं मागे नेत गेले. पहिल्या दिवशीचे आलेख एकमेकांशी जुळेनात. कारण मुलांनीच शोधलं: बघायला जमलेली पोरं जवळून चालत होती, आणि तेही आलेखात उमटत होतं. मग त्यांनी नियम केला, नोंद चालू असताना कुणी हलायचं नाही. प्रत्येक अंतरावर पुन्हा पुन्हा मोजायचं ठरलं. थोडं मागे गेल्यावर ट्रॅक्टर कानाला ऐकू येत होता, पण आलेखात दिसत नव्हता. "म्हणजे कंपन संपलं का आपला मोबाइल कमी पडला?" हा वाद मधल्या सुट्टीतही चालला. विज्ञानाच्या तासाला मी याहून चांगली चर्चा ऐकलेली नाही.

प्रदर्शनात आमच्या टेबलावर रंगीत थर्माकोल नव्हता. एक दगड, मोबाइल, हातानं काढलेले आलेख आणि खाडाखोडीची नोंदवही, एवढीच मांडणी. परीक्षकांनी विचारलं, "निष्कर्ष काय?" ट्रॅक्टरचा प्रश्न विचारणारी तीच मुलगी म्हणाली, "इथून पुढचं आमच्या मोबाइलला कळत नाही. कंपन नाही, असं आम्ही म्हणू शकत नाही."

आमचा नंबर आला नाही. पण मोजणाऱ्या साधनाची मर्यादा स्वतःहून सांगणं ही शास्त्रज्ञाची पहिली शिस्त आहे आणि ती बारा वर्षांच्या मुलीला हाती आलेल्या साध्या मोबाइलवर साधली. पालकांनो, शिक्षक मित्रांनो, बाजारातून तयार प्रतिकृती आणून मुलाच्या हाती देऊ नका. त्याला पडलेला प्रश्न घ्या आणि तो मोजायला मोबाइल द्या. प्रदर्शनात गेलात तर 'हे काय आहे' असं विचारण्याआधी 'हे तुला कसं कळलं' असं विचारा.