पावसात जळणारे शहर

मुंबईकराने आपल्या पावसाचा तोरा खुशाल कुठेही मिरवावा. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन शहरात मात्र मिरवू नये! वर्षाचा हिशेब मांडला तर दोन्हीकडे पाऊस जवळजवळ सारखाच. पण आपला पाऊस चार महिन्यांत सारे देणे चुकते करून जातो, बर्गनचा बारा महिने हप्ते भरीत बसतो. अटलांटिकवरून येणारे ओले वारे शहराभोवतीच्या डोंगरांवर अडतात, आपल्याकडे सह्याद्रीवर अडतात तसेच. २००६ च्या ऑक्टोबरअखेर लागलेली झड २००७ च्या जानेवारीत थांबली. लागोपाठ ८५ दिवस!

आणि असे हे भिजलेले गाव पुन्हा पुन्हा जळाले आहे. कारण उघड आहे, घरे लाकडाची. बंदरावर ‘ब्रिगेन’, म्हणजे धक्का, नावाची जुनी पेठ आहे. तांबड्या-पिवळ्या घरांची रांग समोर दिसते. पण खरी मौज मागच्या बोळांत. मी आत शिरलो, तो पायाखाली फळ्या, डोक्यावर लाकडी सज्जे आणि सगळीकडे ओल्या लाकडाचा वास.

१३६० च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाने येथे वखार थाटली. उत्तरेकडून सुका कॉड मासा यायचा. मीठ न लावता, लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात वाळवलेला. आपल्या कोळीवाड्यातले बोंबील आठवावेत. त्याच्या बदल्यात धान्य जायचे. ह्या व्यापाऱ्यांना तेथे असेतोवर लग्नाची मनाई होती. शिवाय आगीच्या धास्तीने राहत्या घरात चूल नाही, शेगडी नाही! नॉर्वेचा हिवाळा, आणि उमेदवारी करणारी पोरे त्या थंडगार घरांत, कपाटासारख्या बंद बिछान्यांत निजत. स्वयंपाक आणि ऊब मागच्या बाजूच्या वेगळ्या दालनात. हा कारभार १७५४ पर्यंत चालला.

एवढी खबरदारी घेऊनही १७०२ मध्ये पेठ जळालीच. लोकांनी ती जुन्याच आराखड्यावर पुन्हा उभी केली. जुलै १९५५ मध्ये फिरून आग लागली आणि पेठेचा मोठा भाग खाक झाला. उरलेली जुनाट घरेही पाडून टाका, म्हणणारे लोक गावात होते. पण जळालेल्या जागेवर आस्ब्यर्न हेर्तैग ह्या संशोधकाने खणायला घेतले आणि जमिनीतून मध्ययुगीन शहर वर येऊ लागले. ‘रून’ ह्या प्राचीन लिपीत कोरलेले साडेसहाशेहून अधिक लेख मिळाले, बहुतेक लाकडाच्या काटक्यांवर. ही लिपी तोवर मोडीत निघाली असावी, ही पंडितांची समजूतच त्यांनी मोडली. उरलेली ६२ घरे वाचली. १९७९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले.

त्या काटक्यांत राजेरजवाड्यांचे फारसे काही नाही. बऱ्याच तर मालावर बांधायच्या चिठ्ठ्या, हा माल अमक्याचा म्हणून सांगणाऱ्या. एकीवर मात्र निरोप आहे: गीडा म्हणते, घरी चल. गीडा ही कुणाची तरी बायको, आणि तो बहाद्दर गुत्त्यात बसलेला, असा तर्क करतात. काटकीच्या दुसऱ्या बाजूलाही काही कोरले आहे, पण ते कुणालाच धड लागत नाही.