अक्काचे पत्र गवयांच्या गर्दीत

पौष वद्य पंचमीला चार दिवस उरले होते. बेंगळूरुहून रात्रीच्या गाडीने आलेल्या 74 वर्षांच्या अक्का तंजावरच्या फलाटावर बाकावर बसून होत्या. धाकटा भाऊ घ्यायला येणार होता. तास गेला, दीड तास गेला, भावाचा पत्ता नाही. फोन करावा, तर अक्कांना गेली काही वर्षे ऐकू येत नाही. कानातले यंत्र गर्दीत नुसते खरखरते, आणि मोबाइल त्यांनी कधी जवळ बाळगलाच नाही. लेकीने गाडीत बसवून दिले होते. मामाचे 'ठीक आहे' असे उत्तर आले नाही, हे तिच्याही निघण्याच्या धांदलीत ध्यानात आले नव्हते. शेवटी अक्का उठल्या, रिक्षा ठरवली आणि कावेरीकाठच्या तिरुवैयारूचा 13 किलोमीटरचा रस्ता एकट्याच आल्या.

दार उघडताच अण्णा थक्क झाले.

"अगं अक्का, तू? कळवायचं नाही का?"

ओठांची हालचाल पाहून अक्कांना प्रश्न समजला. "कळवलं होतं," त्या म्हणाल्या, "पाच दिवसांपूर्वी."

अण्णा तसेच संगणकापुढे जाऊन बसले. पत्र होते, पण जिथे पाहावे तिथे नव्हते. 'संगीत' नावाच्या कप्प्यात, 340 न वाचलेल्या पत्रांच्या ढिगात ते पडले होते. विषय होता फक्त 'आराधना'.

हे घर तंजावरी मराठ्यांचे. भोसल्यांच्या राज्याबरोबर सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आलेल्या मंडळींपैकी. घरात मराठी बोलायची, शाळेत तमिळ शिकायची, त्यामुळे बहीणभाऊ एकमेकांना लिहितात ते मराठीच, पण रोमन अक्षरांत. अक्कांचे कान गेल्यापासून या दोघांचे बोलणे म्हणजे ही ई-मेलच. आज पिठले केले, गुडघा दुखतो, अमक्याच्या मुलीचे ठरले, असे रोजचे. ज्या अण्णांनी दूरसंचार खात्यात 34 वर्षे लोकांचे टेलिफोन जोडून दिले, त्यांना सख्ख्या बहिणीशी फोनवर बोलता येत नाही, याची त्यांना खंत आहे.

मग त्यांनीच हे पत्र कसे हरवले?

निवृत्तीनंतर अण्णांनी तीन टपाल-मंडळांत नाव घातले होते. इंग्रजीत ज्याला मेलिंग लिस्ट म्हणतात, तिचा व्यवहार साधा असतो. एकाने मंडळाच्या पत्त्यावर लिहिले की ते सर्व सभासदांच्या दारात पडते. एक मंडळ कर्नाटक संगीताचे, दुसरे दक्षिणेतल्या मराठी घराण्यांच्या वंशावळींचे, आणि तिसरे फुकट मिळणाऱ्या मुक्त संगणकप्रणालीचे. हे तिसरे भारी बोलके! दिवसाला शंभर पत्रे म्हणजे काहीच नाही. त्यात त्यागराजस्वामींची आराधना जवळ आली की संगीतवाल्यांनाही ऊत येतो. कोण कधी गाणार, पंचरत्न कीर्तनांना कुठे बसायला मिळेल, राहायची सोय कुठे, एक ना दोन.

म्हणून अण्णांनी स्वतःच एक चाळणी बसवली. विषयात 'आराधना', 'राग' किंवा 'कृती' असा शब्द दिसला की पत्र 'संगीत' कप्प्यात जावे. आठवडाभर सारे झकास चालले. यंत्राला शब्द कळतो, माणूस कळत नाही. अक्कांनी विषयात तोच एक शब्द लिहिला आणि त्यांची रवानगी गवयांत झाली.

अक्का रागावल्या का? पहिल्या दिवशी रागावल्या. "तुझ्या पेटीत मला जागा नाही," एवढेच म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भावजयीला डाळ निवडू लागल्या. अण्णांना ते रागावण्यापेक्षाही अधिक लागले.

दोन दिवसांनी आराधनेसाठी अक्कांची नात आली. बेंगळूरुत संगणकाचे शिक्षण घेणारी. तिने चाळणी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आजोबा, पत्रात काय लिहिलंय त्यावरून नाही वेगळं काढायचं. ते कुठून आलं त्यावरून काढायचं."

तिने त्यांना पत्राच्या डोक्यावरचा, एरवी न दिसणारा मजकूर उघडून दाखवला. मंडळातून आलेल्या पत्रावर बहुधा 'लिस्ट-आयडी' अशी एक ओळ असते. 2001 साली तिचे प्रमाण ठरले. टपालाच्या पाकिटावर जसा कचेरीचा शिक्का, तसाच हा. विषय कोणताही असो, लिहिणारा कुणीही असो, शिक्का त्या मंडळाचाच. अक्कांनी थेट भावाला लिहिलेल्या पत्रावर तो असणारच नाही.

अण्णा थंडरबर्ड हा कार्यक्रम वापरतात. त्यात 'मेसेज फिल्टर्स' उघडायचे, नवी चाळणी घ्यायची, 'सब्जेक्ट'च्या जागी 'कस्टमाइज'मध्ये जाऊन 'लिस्ट-आयडी' हे नाव इंग्रजीत लिहायचे आणि त्यापुढे मंडळाची खूण. खाली, पत्र कोणत्या कप्प्यात हलवायचे ते सांगायचे. पाच मिनिटांचे काम. मात्र एक गोम आहे. ही चाळणी अण्णांच्या संगणकात बसलेली, तो बंद असेल तोवर मोबाइलवर सगळा पूर येतच राहणार. ज्यांची पेटी जीमेलवर आहे त्यांनी चाळणी तिथेच लावावी. तिथे शोधाच्या शब्दांत 'लिस्ट' लिहून विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि पुढे मंडळाचा पत्ता दिला की झाले.

बोलक्या तिसऱ्या मंडळासाठी नातीने निराळाच उपाय काढला. त्याची पत्रे घरी मागवायचीच कशाला? 1979 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून यूझनेट निघाले, तेव्हापासून चर्चा वाचायची एक जुनी रीत आहे. पत्रे दूरच्या सर्व्हरवर राहतात, आपण न्यूजरीडर उघडून मथळे चाळायचे आणि हवे तेवढेच वाचायचे. घरी येणारे टपाल आणि वाचनालयातली वर्तमानपत्रे यांत जो फरक, तोच इथे. 2002 मध्ये लार्स इंगेब्रिग्टसेन या नॉर्वेच्या गृहस्थाने 'जीमेन' सुरू करून हजारो टपाल-मंडळे अशा वाचनालयात मांडली. 2016 मध्ये त्याची वेबवरची बाजू बंद पडली, पण न्यूजरीडरमधून ती वाचता येतात. अण्णांचे संगणकाचे मंडळ तिथे निघाले. थंडरबर्डलाच न्यूजरीडर म्हणून वापरता येते, तेव्हा नवे काही घ्यावेही लागले नाही. मंडळाचे टपाल त्यांनी त्याच संध्याकाळी थांबवले. प्रश्न आणि त्याखाली त्याची उत्तरे अशी साखळी दिसते, नको ती साखळी एका कळीसरशी दूर सारता येते, हे पाहून म्हातारबुवा लहान मुलासारखे खूश झाले.

"मग वंशावळीवाल्यांचंही तिकडेच टाकू या!" ते म्हणाले.

"ते तिथे नाहीत, आजोबा. आणि कप्प्यात टाकलंत तर रविवारी उघडणार कोण?" नातीने विचारले. शहाणी मुलगी. कप्पे करणे सोपे, आठवणीने उघडणे अवघड. अण्णांनी बरेच घुटमळून ते मंडळ सोडले. संगीताचे मात्र ठेवले.

पंचमीला सकाळी सारे कावेरीकाठी समाधीपाशी गेले. बेंगळूरु नागरत्नम्मांनी आपली पुंजी घालून उभारलेली ती वास्तू. एके काळी इथेही गवयांचे तट होते, वेगवेगळ्या आराधना होत. 1940 च्या सुमारास ते एक झाले. शेकडो गायक एका सुरात पंचरत्ने गाऊ लागले, तेव्हा अक्का मांडीवर हाताने ताल धरून गात होत्या. ऐकू काहीच येत नव्हते. समोरच्या हातांकडे पाहून त्यांनी पाचही कीर्तने पुरी केली. एके ठिकाणी त्या अर्धी मात्रा पुढे गेल्या, तेव्हा अण्णांनी त्यांच्या मनगटावर बोट टेकवले.

चौथ्या दिवशी त्या बेंगळूरुला परतल्या. दुसऱ्या सकाळी अण्णांनी पेटी उघडली. 'संगीत' कप्प्यात 61 पत्रे होती आणि बाहेर एकच. विषय पुन्हा 'आराधना'. आत लिहिले होते, अशोका हलव्याचा डबा तुझ्या फडताळावर राहिला, कुणी येणारे असले तर पाठव, आणि मुग्यांना लागू देऊ नकोस.