सॉरी, पार्दों आणि जाऊ दे ना

आमचा क्लायंट फ्रान्सचा, लियाँचा. त्यामुळे सध्या दर शनिवारी सकाळी झोपमोड करून फ्रेंच शिकणं चालू आहे. गेल्या शनिवारचा धडा होता माफी मागण्याचा. म्हटलं, त्यात काय शिकायचं? सॉरी म्हणजे सॉरी!

पण नाही. गर्दीत धक्का लागला तर नुसतं 'पार्दों'. अनोळखी माणसाला थांबवून रस्ता विचारायचा तर 'एक्सक्युझे-म्वा'. मित्राला मात्र 'एक्सक्यूझ-म्वा'. आपल्या तू-तुम्हीसारखंच. खरंच वाईट वाटलं असेल तर 'ज स्वी देझोले'. आणि ऑफिसच्या मेलमध्ये अगदी नम्रपणे, 'ज वू प्री द मेक्सक्युझे', म्हणजे मला माफ करावं ही विनंती.

मी वहीत लिहिलं होतं, 'ज मेक्सक्यूझ'. फ्रेंच लोकही हे सर्रास म्हणतात, पण काटेकोर मंडळींना खटकतं. कारण शब्दशः अर्थ होतो, 'मी स्वतःला माफ करतो'. मॅडम हसून म्हणाल्या, "मग समोरच्याला काय काम उरलं?"

मीही हसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

झालं होतं असं की, महिनाभरापूर्वी क्लायंट कॉल चालू असताना अकोल्याहून बाबांचा तिसऱ्यांदा फोन आला. "बाबा, सारखा सारखा फोन नका करत जाऊ!" असं म्हणून मी कट केला. त्यांना फक्त पेन्शनचा हयातीचा दाखला ऑनलाइन कसा भरायचा, ते विचारायचं होतं. रात्री मी 'सॉरी' असा मेसेज टाकला आणि झोपलो. विषय संपला. माझ्यापुरता. त्यानंतर बाबांनी स्वतःहून फोन केलाच नाही.

आता आम्हा वऱ्हाडी लोकांना माफी मागायची सवय कुठे? अमरावतीला होस्टेलवर कितीही भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी "चाल बे, चहा घेऊ" एवढ्यावर मिटायचं. कोणी सॉरी म्हटलं असतं तर "काहून बे, तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं असतं. पण बापाला 'चाल बे' कसं म्हणणार?

त्याच रात्री ट्रॅव्हल्स पकडली. सकाळी अकोल्यात. बाबा अंगणात पेपर वाचत बसले होते.

"बाबा, माह्यं चुकलं त्या दिवशी. तुमाले तसं नोतं बोलाले पाह्यजे."

पेपर काही खाली आला नाही. थोड्या वेळानं पेपरामागूनच आवाज आला, "जाऊ दे ना आता. दाखला बँकेत जाऊन देऊन आलो मी. चाय घेशीन?"

याला फ्रेंचमध्ये 'स ने पा ग्राव' म्हणतात. धड्यात ते पुढच्याच ओळीत छापलेलं आहे. फक्त ती ओळ आपण म्हणायची नसते.

असो. परवा पुन्हा कॉलमध्ये असताना बाबांचा फोन आला. क्लायंटला म्हटलं, 'एक्सक्युझे-म्वा', आणि उचलला.